एका वाक्यातला बिशप : कल्याण, मार आबा आणि पुराव्याची ताकद

इ.स. ५५० च्या आसपास अलेक्झांड्रियातल्या एका माजी व्यापाऱ्याने ग्रीकमध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात हिंदी महासागराच्या किनाऱ्यांबद्दल बोलताना त्याने जाता जाता एक गोष्ट नोंदवली आहे. कल्लियाना नावाच्या ठिकाणी ख्रिस्ती लोकांचा एक बिशप असतो आणि त्याला पदाची दीक्षा इराणातून मिळते. बस्स, एवढंच. बिशपचं नाव नाही, वय नाही, चर्चची जागा नाही, लोक किती ते नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे कल्लियाना म्हणजे आपलं उल्हास खाडीवरचं कल्याण. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या बिशपबद्दल आपल्या हातात जे थेट आहे, ते एक वाक्य.

आता तुम्ही विचाराल, विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात पीएचडी करणारा माणूस तासगावात बसून कल्याणच्या बिशपबद्दल का लिहितोय? कारण साधं आहे. पेटची तयारी करताना, कोर्सवर्कला, किंवा आरआरसीसमोर सिनॉप्सिस मांडताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : हातात असलेल्या पुराव्यावर किती मोठं विधान उभं करता येतं? आमच्या प्रयोगशाळेत हजार रीडिंग घेता येतात, त्यामुळे हा प्रश्न आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमागे लपून राहतो. इथे रीडिंग एकच आहे. लपायला जागा नाही. म्हणून इतिहासाच्या, विज्ञानाच्या, वाणिज्याच्या कुठल्याही शाखेतल्या मुलांनी हे एक उदाहरण नीट उलगडून बघावं असं मला वाटतं.

आधी त्या वाक्यातून काय काय निघतं ते पाहू. समजा, बाहेरगावचा एक व्यापारी तासगावला बेदाण्याच्या सौद्याला आला आणि घरी गेल्यावर त्याने वहीत लिहून ठेवलं, की तासगावात एक बँक आहे आणि तिच्या मॅनेजरची ऑर्डर मुंबईहून निघते. दीड हजार वर्षांनी फक्त ती वही उरली. तिच्यावरून तुम्हाला काय म्हणता येईल? एक, बँक होती. दोन, खातेदार असणार, नाहीतर मॅनेजर कशाला? तीन, मुंबई आणि तासगाव यांच्यात कागदपत्रांची ये-जा होती आणि वर एक यंत्रणा होती. आणि काय म्हणता येणार नाही? मॅनेजर मुंबईचा होता असं म्हणता येणार नाही. तो मणेराजुरीचाही असेल, ऑर्डर तेवढी मुंबईहून आली असेल. खातेदार शंभर होते की दहा हजार, तेही नाही.

कल्याणचं अगदी असंच आहे. ग्रंथात जो ग्रीक शब्द वापरलाय तो 'हात' या शब्दावरून बनलेला आहे. त्याचा अर्थ पदाची दीक्षा देणं, पदावर नेमणं. दीक्षा इराणातून, हे वाक्य सांगतं. बिशप इराणी होता हे वाक्य सांगत नाही. तरीही मराठी-इंग्रजी लेखनात 'कल्याणचा इराणी बिशप' हा शब्दप्रयोग सहज येऊन जातो. एक विशेषण इकडून तिकडे सरकलं की पुरावा बदलतो, आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, कारण त्याच ग्रंथात तुलनेला दोन नोंदी आहेत. सिंहलद्वीप म्हणजे आजच्या श्रीलंकेबद्दल लेखक स्पष्ट सांगतो, की तिथे स्थायिक झालेल्या इराणी ख्रिस्ती लोकांचं चर्च आहे आणि इराणातून नेमलेला एक धर्मगुरू आहे; स्थानिक लोक आणि राजे मात्र वेगळ्या धर्माचे आहेत. याउलट अरबी समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटाबद्दल तो म्हणतो, की तिथले लोक ग्रीक बोलतात, त्यांच्यात ख्रिस्ती पुष्कळ आहेत, आणि त्यांचे धर्मगुरू इराणात दीक्षा घेऊन येतात. म्हणजे एका ठिकाणी इराणी लोकांसाठी इराणातली दीक्षा, दुसऱ्या ठिकाणी ग्रीक बोलणाऱ्यांसाठीही इराणातलीच दीक्षा. कल्याण या दोनांपैकी कुणासारखं होतं? ग्रंथ गप्प आहे. पण 'इराणात दीक्षा म्हणजे माणसं इराणी' हे समीकरण त्याच ग्रंथाच्या आधारे मोडतं, हे महत्त्वाचं. बाहेरून काही आणायची गरज पडली नाही. आपल्याच मूळ साधनातली शेजारची पानं वाचली की अर्धे गैरसमज गळून पडतात. आपण मात्र शोध घेतो, एक ओळ उचलतो आणि पुढे जातो.

अजून एक बारकावा. श्रीलंकेत धर्मगुरू आहे, कल्याणला बिशप आहे. चर्चच्या रचनेत हा फरक मोठा असतो. साधा धर्मगुरू विधी करू शकतो, पण नवे धर्मगुरू घडवायचा अधिकार बिशपला असतो. तेव्हा कल्याणला बिशप असणं म्हणजे त्याच्या हाताखाली निदान काही धर्मगुरू असण्याची शक्यता, कदाचित आसपास एकाहून जास्त ठिकाणी उपासक असण्याची शक्यता. मी 'शक्यता' हा शब्द दोनदा वापरला, तो मुद्दाम.

आता, कल्लियाना म्हणजे कल्याणच कशावरून? काहींनी ते कर्नाटकात उडुपीजवळचं कल्याणपूर मानलं, काहींनी केरळातल्या कोल्लमशी जोडून पाहिलं. इथे ग्रंथाचा अकरावा भाग कामाला येतो. त्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या बाजारपेठांची नावं ओळीने दिली आहेत : आधी सिंधू, मग ओर्रोथा, मग कल्लियाना, मग सिबोर, आणि त्यानंतर मिऱ्याचा देश माले, त्याच्या पाच बंदरांसकट. माले म्हणजे मलबार. ओर्रोथा सौराष्ट्राकडे आणि सिबोर बहुधा चौल, जे अरबांच्या लेखनात सैमूर म्हणून येतं. उत्तरेकडून दक्षिणेकडे येणाऱ्या या यादीत कल्लियाना चौलच्या आधी येतं आणि मलबारच्या कितीतरी आधी. कोल्लम तर मलबारातच. तेव्हा उल्हास खाडीवरचं कल्याण हाच सगळ्यात सरळ अर्थ. शिवाय तिथून निघणारा माल दिलाय तो तांबं, शिसवीसारखं लाकूड आणि कापड. मिरी नाही.

याच कल्याणला जुनी साक्षही आहे. इसवीच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' हे ग्रीक खलाशी-पुस्तक कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख करतं आणि राजकीय भांडणामुळे तिथला व्यापार अडला होता असं सांगतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. कल्याणहून नाणेघाट चढला की जुन्नर, पुढे पैठण. घाटावरचा माल खाली उतरायचा आणि समुद्रापलीकडच्या वस्तू वर यायच्या. आपल्याकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. शाळेच्या सहलीत काचेपलीकडून तुमच्यापैकी अनेकांनी बघितली असेल. ती ज्या व्यापारजाळ्यातून इथवर पोहोचली, त्याच जाळ्याचं एक टोक कल्याण होतं.

एक तांत्रिक भानगड मात्र सांगायला हवी. बिशपची नोंद ग्रंथाच्या तिसऱ्या भागात आहे आणि बाजारपेठांची यादी अकराव्या भागात. हा अकरावा भाग मूळ ग्रंथाचा नसून त्याच लेखकाच्या दुसऱ्या, आता हरवलेल्या भूगोलविषयक पुस्तकातून आलेला असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. लेखक तोच, म्हणून दोन्हीकडचं कल्लियाना एकच धरायला हरकत नाही. पण ही एक पायरी आहे आणि ती लिहून दाखवावी लागते. प्रबंधात अशा पायऱ्या गाळल्या की व्हायवाला परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

आता साक्षीदाराकडे वळू. याला आपण कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस म्हणून ओळखतो, म्हणजे 'भारताकडे जलप्रवास केलेला कॉस्मस'. हे नाव उशिराच्या हस्तलिखितांत येतं. ग्रंथात तो स्वतःला नुसता 'एक ख्रिस्ती' म्हणवतो. ग्रंथाचं नाव 'ख्रिस्ती भूवर्णन'. आणि ग्रंथाचा हेतू काय? तर पृथ्वी गोल नाही, सपाट आहे आणि विश्वाचा आकार बायबलमधल्या पवित्र मंडपासारखा, वर झाकण असलेल्या पेटीसारखा आहे, हे सिद्ध करणं! टॉलेमीसारख्यांचं गोल पृथ्वीचं ज्ञान त्याच्याच अलेक्झांड्रियात शेकडो वर्षं होतं, तरी.

तुमच्यातला विज्ञानाचा विद्यार्थी इथे लगेच म्हणेल, पृथ्वी सपाट म्हणणाऱ्याचं काय ऐकायचं? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण साधनाची विश्वासार्हता ही माणसागणिक ठरत नाही, विधानागणिक ठरते. एखाद्या शोधनिबंधातली चर्चा भुसभुशीत असते, पण त्यातला रीडिंगचा तक्ता अस्सल असतो. आपण तक्ता घेतो, चर्चा सोडतो. कॉस्मसचं विश्वाबद्दलचं मत हे त्याचं मत. बंदरं, माल, दर, कोण कुठे राहतं हे मात्र त्याचं पोटापाण्याचं ज्ञान. शिवाय तो कुठे थांबायचं ते जाणतो. सोकोत्राच्या बाजूने आपण जहाजातून गेलो पण उतरलो नाही, तिथली माणसं इथिओपियात भेटली, असं तो सांगून टाकतो. सिंहलद्वीपाच्या पलीकडे ख्रिस्ती आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही, असंही. ज्याला 'ठाऊक नाही' लिहिता येतं, त्याच्या 'ठाऊक आहे'ला वजन येतं. तो स्वतः कल्याणला पाय लावून गेला होता का, यावर एकमत नाही. तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस बंदरात तो होता हे नक्की, आणि अदुलिसला भारताकडून येणारी जहाजं लागायची.

पण कॉस्मसच्या त्या एका वाक्याचं खरं वजन वेगळ्याच ठिकाणाहून येतं. व्यापारी माणसाला बंदरातला माल कळतो, ठीक. पण कुठल्या बिशपला कुठून दीक्षा मिळते, ही चर्चच्या कारभारातली आतली माहिती त्याला कशी? याचं उत्तर त्यानेच दिलंय. आपलं सगळं ज्ञान आपण 'पात्रिकिओस' नावाच्या एका थोर गुरूकडून घेतलं, तो खाल्डियन लोकांच्या देशातून आपला शिष्य एडेसाचा थॉमस याच्यासोबत आला होता, आणि आता तो सगळ्या इराणच्या चर्चचा प्रमुख झाला आहे, असं तो सांगतो. 'पात्रिकिओस' हे 'पिता' या अर्थाच्या नावाचं ग्रीक रूप. सीरियाक भाषेत पिता म्हणजे आबा. हा माणूस म्हणजे मार आबा, पूर्वेकडच्या चर्चचा कॅथोलिकोस, म्हणजे सर्वोच्च बिशप, इ.स. ५४० ते ५५२. 'मार' ही आदराची उपाधी, आपल्या 'महाराज'सारखी. त्याच्या परंपरेत तो संत मानला जातो.

मार आबाचं चरित्र सीरियाकमध्ये आहे, त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात त्याला मानणाऱ्याने लिहिलेलं. तो जन्माने झरथुष्ट्री, सासानी राज्यकारभारातला अधिकारी. चरित्रात त्याच्या धर्मांतराची गोष्ट अशी : तैग्रिस नदी ओलांडताना नावेत एक विरक्त विद्यार्थी बसलेला दिसला, तेव्हा आबाने अधिकाराच्या तोऱ्यात त्याला खाली उतरवलं. लगेच वारा सुटला, नाव पुढे जाईना. त्याला परत नावेत घेतलं तेव्हा वारा शांत झाला. ही कथा इतिहास म्हणून घ्यायची की नाही? वारा सुटण्या-शमण्याचा भाग संतचरित्रांत जगभर भेटतो, आपल्याकडच्या महिपतीबुवांच्या ग्रंथांतही असे प्रसंग ढिगाने आहेत. तो बाजूला ठेवा. पण सरकारी अधिकाऱ्याने किरकोळ माणसाला नावेतून उतरवणं, यातून त्या समाजातली उतरंड दिसते आणि ती लेखकाला मुद्दाम रचायची गरज नव्हती. संतचरित्र असं वाचायचं असतं : लेखकाला जे पटवून द्यायचंय ते सावधपणे, आणि जे तो सहज बोलून जातो ते लक्षपूर्वक.

पुढे आबा निसिबिसच्या प्रसिद्ध विद्यापीठात शिकला, मग रोमन साम्राज्यात फिरला, अलेक्झांड्रियाला राहिला, कॉन्स्टँटिनोपलला गेला. तिथे आपल्या गुरुपरंपरेचा धिक्कार करायचा दबाव आला तेव्हा तिथून निघाला. परत येऊन ५४० मध्ये तो चर्चचा प्रमुख झाला, तेव्हा घरात आग लागलेली होती. त्याआधी सुमारे पंधरा वर्षं एलिशा आणि नरसाई असे दोन प्रमुख एकमेकांविरुद्ध उभे राहिले होते. परिणाम असा, की एकाच गावाला दोन-दोन बिशप. आबाने प्रांतोप्रांती फिरून ही भांडणं मिटवली, कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं ते ठरवलं. ५४४ ची धर्मसभा, तिचे नियम, जवळच्या नात्यातल्या विवाहांवर घातलेली बंदी, याची कागदपत्रं वेगळी टिकून आहेत. म्हणजे इथे चरित्राला दुसऱ्या साधनाचा आधार मिळतो आणि आपण थोडं मोकळेपणाने बोलू शकतो.

झरथुष्ट्री मोबेदांनी, म्हणजे पुरोहितांनी, त्याच्यावर धर्मत्यागाचा आणि लोकांना बाटवल्याचा आरोप ठेवला. राजा खुस्रो पहिला, म्हणजे आपल्या गोष्टींतला न्यायी नौशेरवान. त्याने आबाला मारलं नाही, अझरबैजानात हद्दपार केलं. तिथे तो सात वर्षं होता, आणि गंमत म्हणजे चर्चचा कारभार तिथूनच चालला. लोक डोंगर तुडवत त्याच्याकडे जायचे, तो तिथून बिशप नेमायचा. जिवावर कट झाला तेव्हा भर थंडीत निघून तो थेट राजधानीत राजापुढे हजर झाला. मग तुरुंग. राजपुत्र अनोशझादने बंड केलं आणि त्याला ख्रिस्ती लोकांची साथ मिळाली, तेव्हा हाच कैदी त्या लोकांना शांत करायच्या कामी आला. ५५२ मध्ये तो वारला.

चरित्रातली एक घटना आपल्या कामाची आहे. हेफ्थल, म्हणजे ज्यांना आपण श्वेत हूण म्हणतो, त्यांच्यातल्या ख्रिस्ती लोकांनी एक धर्मगुरू आबाकडे पाठवला आणि विनंती केली, की याला आमचा बिशप करून परत पाठवा. तसं झालं. म्हणजे लांबच्या समाजाने आपला माणूस पाठवायचा, इराणात त्याला दीक्षा मिळायची आणि त्याने आपल्या लोकांत परत जायचं, ही पद्धत त्या काळात प्रत्यक्ष चालू होती. कल्याणबद्दलचं वाक्य या पार्श्वभूमीवर एकदम समजायला लागतं. ते एकटं तरंगत नाही, एका चालू यंत्रणेत बसतं.

आणि इथेच मोह होतो. लिहून टाकावंसं वाटतं : 'मार आबाने कल्याणला बिशप नेमला.' वाक्य सुंदर आहे. संत, हद्दपारी, समुद्र, कल्याण, सगळं एका ओळीत. पण हे वाक्य लिहिता येत नाही. कॉस्मसने ग्रंथ लिहिला ५५० च्या सुमारास, पण त्याचा अदुलिसचा मुक्काम त्याच्याही साधारण पंचवीस वर्षं आधीचा. कल्याणची बातमी त्याला तेव्हा बंदरात कळली असेल, तर आबा प्रमुख व्हायला अजून पंधरा वर्षं अवकाश होता. नंतर आबाच्या वर्तुळातून कळली असेल, तर काळ जुळतो, पण दीक्षा आबानेच दिली असं त्यावरून होत नाही. आखाताच्या किनाऱ्यावर रेव-अर्दशीर हे फार्स प्रांताच्या प्रमुख बिशपचं ठाणं होतं आणि भारताकडची चर्चेस पुढे तरी त्याच्याच अखत्यारीत दिसतात. सातव्या शतकाच्या मध्यात कॅथोलिकोस तिसरा ईशोयाब याने तिथल्या शिमोनला लिहिलेल्या पत्रांत तक्रार आहे, की तुमच्या बंडखोरीमुळे भारतातल्या लोकांची बिशपांची परंपरा खुंटली. तेव्हा कल्याणच्या बिशपच्या डोक्यावर हात कुणाचा होता, आबाचा, त्याच्या आधीच्या भांडखोर जोडीपैकी एकाचा, की रेव-अर्दशीरच्या कुणाचा, याला वाक्यात उत्तर नाही. मार आबा आपल्याला साक्षीदाराची लायकी सांगतो. घटनेचा कर्ता म्हणून त्याला उभं करता येत नाही.

पुढचा मोह म्हणजे रेघ ओढायचा. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. थोड्याच काळात तिथे पोहोचलेला ओडोरिक हा प्रवासी लिहितो, की ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे याच पूर्वेकडच्या चर्चच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. कल्याणपासून ठाणं किती लांब? लोकलने अर्धा-पाऊण तास. सहाव्या शतकात कल्याणला बिशप, चौदाव्या शतकात ठाण्यात पंधरा घरं, मग मध्ये अखंड परंपरा, झालं! पण दोन बिंदूंमधून सरळ रेघ नेहमीच जाते, त्यात बिंदूंचं काही कर्तृत्व नसतं. मधली सुमारे पावणेआठशे वर्षं आहेत. ती पंधरा घरं कल्याणच्या जुन्या समाजाची उरलेली शाखा असू शकतात, किंवा एक-दोन पिढ्यांपूर्वी आखातातून आलेले व्यापारी असू शकतात. ओडोरिकचा पंधरा हा आकडा मला मात्र फार मोलाचा वाटतो, कारण एवढ्या सगळ्या कहाणीत मोजून सांगितलेली ही एकच गोष्ट आहे.

केरळात मधले बिंदू आहेत. कोल्लमचा ८४९ चा ताम्रपट आहे, त्यावर पहलवी, अरबी आणि हिब्रू लिपीतल्या साक्षीदारांच्या सह्या आहेत. पहलवी अक्षरं कोरलेले दगडी क्रूस केरळात आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आहेत. तसाच एक गोव्यात झुआरीकाठी आगशी इथे २००१ मध्ये मिळाला. त्यावर पोर्तुगीज अक्षरंही आहेत. कोकणात कान्हेरीला पहलवी लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे, पण ते झरथुष्ट्री पाहुण्यांचे. म्हणून पहलवी दिसली की ख्रिस्ती, असाही नियम करता येत नाही. खुद्द कल्याणात त्या बिशपच्या काळातलं चर्च, क्रूस, थडगं, काहीच हाती आलेलं नाही.

मग नव्हतंच म्हणायचं का? इथे द्राक्षवाल्या घरातल्या मुलांना मी वेगळं समजावून सांगायला नको. निर्यातीच्या द्राक्षांचा रेसिड्यू रिपोर्ट येतो, त्यात एखाद्या औषधापुढे 'आढळलं नाही' असं असतं. त्याचा अर्थ शून्य नसतो. त्या यंत्राच्या, त्या पद्धतीच्या मोजमर्यादेखाली, एवढाच असतो. कल्याणची मोजमर्यादा काय आहे ते बघा : शहर सतत वसलेलं, खाडीचा काठ बुजलेला, वर इमारती, खाली पद्धतशीर उत्खननाला जागा नाही, आणि छोट्या समाजाचं प्रार्थनाघर बहुधा लाकडाचं असणार. अशा ठिकाणी 'आढळलं नाही' याचं वजन फार कमी. तेच एखाद्या मोकळ्या, सगळं खणून काढलेल्या जागी 'आढळलं नाही' आलं असतं तर ते बरंच बोललं असतं.

आता हे सगळं कशावर जाऊन अडतं ते सांगतो. आपल्याकडे एक समज पक्का आहे, की महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनी आणला. त्याच्या उलट टोकाला दुसरी मांडणी आहे : सेंट बार्थोलोम्यू हा येशूचा शिष्य स्वतः कल्याणला आला होता, त्यामुळे इथली परंपरा पहिल्या शतकापासूनची. पहिल्या विधानाला एक वाक्य पुरतं. 'पोर्तुगीजांआधी इथे कुणी नव्हतं' हे नकारात्मक विधान मोडायला एक पक्का अपवाद लागतो, आणि कॉस्मस तो देतो. ओडोरिक दुसरा देतो. दुसऱ्या विधानाला मात्र तेच वाक्य अजिबात पुरत नाही. चौथ्या शतकातला युसेबियस बार्थोलोम्यू 'भारतात' गेल्याचं ऐकीव सांगतो, पण त्या काळच्या ग्रीक लेखनात 'भारत' हा शब्द अरबस्तान-इथिओपियापर्यंत ताणलेला असतो, आणि कल्याणचं नाव तिथे नाही. कल्याणशी सांगड विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी घातली, आणि ती घालताना सहाव्या शतकातल्या बिशपचा आधार मागे पाचशे वर्षं ताणला. एकच पुरावा एका विधानासाठी भक्कम आणि दुसऱ्यासाठी पोकळ असतो. पुरावा 'चांगला की वाईट' असं विचारू नका, 'कशासाठी' ते विचारा.

यात रुसायचं कारण कुणालाच नाही. वसई-ठाण्याच्या ख्रिस्ती समाजाचं आपलेपण कॉस्मसच्या एका ओळीवर टांगलेलं नाही, आणि ती ओळ खरी ठरल्याने दुसऱ्या कुणाचं काही कमी होत नाही. पण वर्तमानपत्री लेखांत, व्हॉट्सॲपवर आणि दुर्दैवाने काही प्रबंधांतही ही ओळ दोन्ही बाजूंनी ओढली जाते. उद्या तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू लिहाल तेव्हा असं वाक्य तुमच्यासमोर तिसऱ्या-चौथ्या हाताने येईल : 'सहाव्या शतकात कल्याण हे ख्रिस्ती धर्माचं मोठं केंद्र होतं.' खाली संदर्भ असेल. त्या संदर्भात दुसरा संदर्भ. उकलत गेलात की शेवटी ती एक ओळ, आणि त्यात 'मोठं' नाही.

मी माझ्यापुरतं हे विधान असं लिहीन : सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात किंवा मध्यात, बहुधा आजच्या कल्याण इथे, पूर्वेकडच्या चर्चचा एक बिशप होता आणि त्याला इराणातून दीक्षा मिळत असे, हे सांगणारा समकालीन साक्षीदार एकच आहे, पण व्यापार आणि त्या चर्चचा कारभार या दोन्हींबद्दल तो चांगला माहीतगार होता. वाक्य लांबलं, रुक्ष झालं. चालेल.

कॉस्मसच्या ग्रंथाचं सगळ्यात जुनं टिकलेलं हस्तलिखित नवव्या शतकातलं आहे, व्हॅटिकनमध्ये. इंग्रजी भाषांतर मॅक्रिंडलने १८९७ मध्ये केलं आणि ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. तिसऱ्या भागातली ती नोंद आणि अकराव्या भागातली बंदरांची यादी या दोन जागा काढा, समोर पश्चिम किनाऱ्याचा नकाशा ठेवा आणि यादीतली नावं पेन्सिलीने लावून बघा. सिबोरला चौल म्हणायला तुमचं मन तयार होतं का, आणि नसेल तर का नाही, ते खाली लिहा. त्यावर पुढच्या पोस्टमध्ये बोलू.